वॉरंटीकाकूचा फ्रिज

वॉरंटीकाकू दुकानात गेली की फ्रिजवर आधी बोटाच्या पेरांनी टकटक करायची. दारावर, बाजूला, मग वाकून खाली. मग कान लावायची. "वाजवून घ्यावं माणसानं," म्हणायची. "माठ वाजवून घेतो, नारळ वाजवून घेतो, मग एवढा मोठा फ्रिज काय नुसतं थोबाड पाहून घ्यायचा?" फ्रिज वाजवून काय कळतं हे मला कधी समजलं नाही, आणि माझ्या मते तिलाही समजत नव्हतं. तिने वाजवून दिलेला एक फ्रिज चार-पाच महिन्यांत बंद पडला. मी तिला तोंडावर विचारलं. तर म्हणाली, "वाजत होता तो बरोबर, मावशी. त्या घरातली माणसं दिवसातून पन्नास वेळा दार उघडतात. फ्रिज आहे तो, खिडकी नाही."

जर्सी सिटीत आम्ही राहतो त्याच बिल्डिंगमध्ये ती राहायची. मुलगा आणि सून केतकी सकाळी ट्रेनने न्यूयॉर्कला जातात, मग दिवसभर घरात मी एकटी. काकू मूळची नागपूरची. नवरा, मोहनराव, कॉम्प्युटरवाला. तिला व्हिसामुळे इथे नोकरी करता येत नव्हती. कुणी साध्या चपला घेतल्या तरी ती "वॉरंटी किती?" विचारायची, म्हणून पोरांनी तिचं नाव वॉरंटीकाकू ठेवलं. केतकीच्या भावाचं लग्न ठरत होतं तेव्हा पेढा तोंडात टाकत तिने विचारलं, "मुलगी चांगली आहे, बरं झालं. पण तुमच्याकडच्या मुलाची वॉरंटी कोण देऊन राहिलं?" केतकी चिडली. मला पटलं, कारण तो मुलगा मी पाहिला होता. ती माझ्यापेक्षा पंचवीस वर्षांनी तरी लहान, पण मीही तिला काकूच म्हणू लागले. ती मला मावशी म्हणायची. हे नातं कसं बसतं, असं पोरं विचारायची. मी सांगायची, बसतं.

बिल्डिंगमधल्या कुणी घर विकत घेतलं, की फ्रिज, वॉशिंग मशीन, डिशवॉशर घ्यायला काकूला बोलावणं यायचं. ती एकटी जायची नाही, मला ओढून न्यायची. आणि सोबत पुरण शिजवायचं मोठं पातेलं घ्यायची. दुकानात शिरल्यावर पातेलं फ्रिजमध्ये ठेवायचं, दार लावायचं. लागलं तर फ्रिज पास. एकदा दुकानातला पोरगा धावत आला. "मॅम, कॅन आय हेल्प यू?" काकू आत वाकलेलीच. म्हणाली, "नो नो. आय ॲम ओन्ली चेकिंग पातेलं." तो बिचारा आतली जागा किती घनफूट आहे ते सांगू लागला. ती माझ्याकडे वळली. "मावशी, सांगा याला. घनफुटात पुरण शिजते का?" मला इंग्रजी येत नाही, पण मी मान हलवून 'नाही' म्हटलं. त्याला ते कळलं. त्याने स्वतः फ्रिजमधला एक कप्पा खाली सरकवून दिला, आणि पातेलं बसलं. पुढच्या वेळी गेलो तेव्हा तो लांबूनच हात करून पातेलं कुठे आहे ते विचारत होता.

मशीन घरी आलं की पूजा तिच्याच हातची. वॉशिंग मशीनवर कुंकवाचं स्वस्तिक, पाच सुपाऱ्या, नारळ. नारळ मशीनवर फोडायचा नाही, बाहेर फोडायचा, एवढं भान तिला होतं. घरच्या सुनांना वाटायचं की हे जास्त होतंय. पण मशीन बिघडलं की त्याच सुना तिला फोन करायच्या.

आमची ओळखही मशीनवरूनच झाली. येताना मी भारतातून मिक्सर आणला होता. तिकडची वीज दोनशेवीस व्होल्टची, इकडची त्याच्या निम्मी. हे मला कोण सांगणार? पहिल्याच दिवशी खोबरं घातलं, तर मिक्सर नुसता कण्हत राहिला, पातं म्हाताऱ्यासारखं फिरत होतं. केतकीने काकूला बोलावलं. तिने मिक्सरकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "याला इथलं पाणी मानवायचं नाही, मावशी. ठेवून द्या कपाटात. सगळ्यांच्या कपाटात एकेक पडला आहे." ते खरं होतं. आम्ही माणसं परदेशी येताना लोणचं, पापड आणि मिक्सर घेऊन येतो. लोणचं संपतं, मिक्सर उरतो.

इतक्या लोकांची घरं भरून देणाऱ्या या बाईचं स्वतःचं एकही यंत्र नव्हतं. इथे भाड्याच्या घरात फ्रिज, शेगडी, सगळं घरमालकाचं असतं. घर सोडलं की ते तिथेच राहतं. तिचा फ्रिज जुनाट होता, आतला दिवा लागायचा नाही. दुरुस्तीला माणूस आला की ती बाजूला उभी राहायची, कारण यंत्र तिचं नव्हतं. मी म्हटलं, "मालकाला सांगून नवा घे." ती म्हणाली, "तो नवाही त्याचाच ना?" मोहनरावांचं एकच होतं, ग्रीन कार्ड आलं की घर, घर आलं की फ्रिज. ग्रीन कार्डाच्या रांगेत त्यांचा नंबर होता आणि रांग हलत नव्हती. मुलगी ईशा इथेच जन्मली, कॉलेजात गेली, तरी रांग होती तिथेच. काकू कुणाच्या नव्या फ्रिजचं कौतुक सांगू लागली की ईशा फोनमधून डोकं वर न काढता म्हणायची, "मॉम, इट्स जस्ट अ फ्रिज." काकू मराठीत उत्तर द्यायची, "तुझ्यासाठी. तू इथली आहेस."

मग मोहनरावांची नोकरी गेली. कंपनीने त्यांचा सगळा विभागच बंद केला. व्हिसा नोकरीवर होता, म्हणजे ठरलेल्या मुदतीत दुसरी नोकरी शोधा नाही तर देश सोडा. मोहनराव रोज अर्ज करायचे आणि रोज थोडे वाकायचे. शेवटी नोकरी मिळाली ती भलतीकडेच. कॅरिबियन समुद्रात कुठलंसं लहान बेट, तिथे डॉक्टरकीचं कॉलेज, त्या कॉलेजचे कॉम्प्युटर सांभाळायचे. बिल्डिंगमध्ये सुतक असल्यासारखं झालं. बायका येऊन तिचा हात धरून बसायच्या. केतकी म्हणाली, "काकू, नागपूर तरी बरं हो. त्या बेटावर कोण आहे तुमचं?"

काकूने नवऱ्याला एवढंच विचारलं, "घर भरलेलं देतात का रिकामं?"

"रिकामं," मोहनराव म्हणाले. ते आधीच ओशाळलेले. "फ्रिजसुद्धा नाही. सगळं आपणच घ्यायचं आहे."

"मग जाऊ," ती म्हणाली.

मी तिथेच बसले होते. बायका गेल्यावर मी म्हटलं, "वेडी आहेस का? वीस वर्षं रांगेत काढलीस, आणि आता एका फ्रिजसाठी देश सोडतेस?"

"कोणाचा देश, मावशी? माझा तर इथं आतला दिवासुद्धा नाही."

मी उठून दोघींसाठी चहा टाकला.

तिला वाटलं होतं, इथूनच वाजवून-बिजवून सगळं घ्यावं आणि बोटीने पाठवावं. मग चौकशीत कळलं की त्या बेटावरची वीज आपल्या भारतासारखी, दोनशेवीसची. म्हणजे इथलं मशीन तिथे लावलं तर जळणार. दुसरी बाई रडली असती. ही पिशवी घेऊन दारोदार निघाली. "काढा कपाटातला मिक्सर," म्हणायची. "याची इथं शिक्षा संपली." लोकांनी हसत हसत दिले. माझाही दिला. जाताना तिच्या सामानात कपड्यांपेक्षा मिक्सर जास्त होते. विमानतळावर कॉलेजसाठी मागे राहणारी ईशा रडत होती, मोहनराव रडत होते आणि ही मिक्सरचं भांडं हातातल्या पिशवीतच पाहिजे म्हणून भांडत होती.

तिथे गेल्यावर महिनाभर तिने फ्रिजशिवाय काढला. रोज व्हिडिओवर हकीकत सांगायची. गावात दुकान एकच, आणि मालकीण एक दांडगी बाई. फ्रिज बोटीने येतात. बोट येईल तेव्हा, येईल तो फ्रिज. रंग, दारं, कप्पे, काही विचारायचं नाही. काकूने तिथेही टकटक केली. मालकीण लांबून म्हणाली, "व्हॉट यू नॉकिंग फॉर, डार्लिंग? नोबडी इन देअर." हे सांगताना काकू इतकी हसली की फोन हातातून पडला. मला अर्थ केतकीने सांगितला, आत कुणी नाही, दार कशाला वाजवतेस.

बोट आली. दोन दारांचा मोठा फ्रिज आला. मालकिणीने बजावलं होतं की एवढा मोठा घेऊ नको, इथे वादळ आलं की वीज जाते, मोठ्यात जास्त सडतं. काकूने ऐकलं नाही. आयुष्यभर दुसऱ्यांसाठी मोठे घेतले, स्वतःसाठी लहान घेणार नाही म्हणाली. पातेलं आत गेलं, दार लागलं. तिने फोन आत धरून मला आतला दिवा दाखवला. मी म्हटलं, "दिसला दिवा. दार लाव, गार वारा जातो." तिने लावलं नाही. बराच वेळ फोन तसाच धरून उभी होती, आणि मीही फोन ठेवला नाही.

पुढे दोन वर्षं तो फ्रिज तिचा माणूसच झाला. समुद्राच्या खाऱ्या वाऱ्याने गंज चढतो म्हणून रोज त्याला गोड्या पाण्याने पुसायची. शेजारणींचे मासे त्याच्यात ठेवू द्यायची, खालच्या कप्प्यात, आणि वर शिवायचं नाही अशी अट. ती स्वतः शाकाहारी. मी म्हटलं, "बाटला की तुझा फ्रिज." तर म्हणाली, "माझा आहे, मी बाटवीन." त्या शेजारणींना तिने पुरणपोळी शिकवली आणि आमच्या कपाटांतले मिक्सर वाटून टाकले. माझा मिक्सर आता कुणा एका काळ्या आजीबाईकडे नारळ वाटतो. माझ्याकडे होता तेव्हा त्याने एवढं काम केलं नाही.

मग वादळ आलं. टीव्हीवर नकाशा दाखवत होते, त्यात तिचं बेट मोहरीएवढं. फोन लागेना. पहिल्या दिवशी केतकीने देवाजवळ दिवा लावला. मला देवाजवळ बसवेना, मी खिडकीत बसले. ईशा आमच्याकडे येऊन राहिली, आणि पहिल्यांदाच माझ्याशी मराठीत बोलली. तिने विचारलं, "आजी, ती ठीक असेल ना?" मी म्हटलं, "माहीत नाही." खोटं सांगून पोरीला काय मिळणार होतं? पण तिला जेवायला वाढलं आणि पुढ्यात बसून संपवायला लावलं.

बऱ्याच दिवसांनी फोन आला. दोघं जिवंत. कॉलेजच्या वरच्या मजल्यावर गावाबरोबर बसून होते. घरात पाणी शिरलं होतं. फ्रिज आडवा होऊन दारातून बाहेर गेला आणि रस्त्यावर सापडला, दारं उघडी.

त्याच सुमाराला मोहनरावांचा जुना साहेब इथल्या एका कंपनीत मोठ्या जागेवर आला. त्याने निरोप दिला, या, नोकरी आहे, व्हिसा मी बघतो. सगळी बिल्डिंग खूश झाली. केतकीने त्यांच्यासाठी चौथ्या मजल्यावरची रिकामी जागा बघून ठेवली. जुन्या घरापेक्षा चांगली, फ्रिज नवा कोरा. ईशाने आईला फोन लावला आणि माझ्या हातात दिला. "आजी, यू टॉक. ती तुमचं ऐकते."

कुणी कुणाचं ऐकत नाही, हे मला माहीत होतं. तरी विचारलं, "येतेस ना?"

पलीकडे काहीतरी खरवडल्याचा आवाज येत होता.

"मावशी, भिंतीवर पाण्याची रेघ उठली आहे. माझ्या कमरेच्या जरा खाली," ती म्हणाली. "गवंडी आणला आहे. त्या रेघेच्या वर येईल असा सिमेंटचा ओटा बांधून राहिली. पुढच्या बोटीनं फ्रिज येणार आहे."

"मोठाच?"

"मोठाच."

"आणि मोहनराव?"

"ते सिमेंट कालवून राहिले."

मी म्हटलं, "ओटा नीट सुकू दे. घाईने वर ठेवू नको, तडा जाईल." हो म्हणाली. गवंड्याला काहीतरी ओरडली आणि फोन ठेवला.

ईशा माझ्याकडे बघत होती. मी तिला जवळ बसवलं आणि केतकीला सांगितलं, चौथ्या मजल्यावरची जागा दुसऱ्या कुणाला तरी सांग.