अवसेचे दूध

चैत्री अमावास्येची सकाळ. ठिकाण तासगाव तालुक्यातल्या एका गावची तालीम. हजर असलेले लोक: तालमीचे वस्ताद, अकरा पैलवान आणि दूध घेऊन आलेला गवळी. दूध एकंदर आठ शेर. माझ्या पहिल्या टिपणात एवढेच आहे. दुसरे महायुद्ध संपून फार दिवस झाले नव्हते. तासगाव तेव्हा सातारा जिल्ह्यात होते आणि मी तिथल्या ठाण्याचा फौजदार होतो. नोकरीत पुष्कळ गुन्हे पाहिले. त्यांतले बरेचसे आता एकमेकांत मिसळून गेले आहेत. या दुधाचे प्रकरण मात्र वेगळे राहिले. नावे देत नाही. त्या घरांतली माणसे अजून त्याच गावात नांदत आहेत.

दुसऱ्या दिवशी दुपारपासून अकरापैकी नऊ जणांना ओकाऱ्या आणि जुलाब सुरू झाले, अंगात सणसणून ताप भरला. तिसऱ्या दिवशी त्यांच्यातला सगळ्यात तयारीचा पैलवान मेला. वय बावीस. सांगली संस्थानातल्या एका जत्रेत त्याची मोठी कुस्ती ठरलेली होती. पोलीस पाटलाचा कागद माझ्या हातात पडला त्याच तासाला वस्ताद स्वतः ठाण्यावर आले.

"इख घातलंय, साहेब. दुधात."

"कोणी?"

"दुसरं कोन? गवळ्यानं. संस्थानातल्या लोकांनी फितवलाय त्याला."

कारणही त्यांनी दिले. पंधरा दिवसांपूर्वी मेलेल्या पैलवानाने गवळ्याच्या रेड्याला वाटेत काठी मारली होती. त्यावर गवळी चावडीसमोर सगळ्यांच्या देखत म्हणाला होता, "माजंच दूध पिता आन् माज्याच जनावरावर हात टाकता. एक दिस नरड्यात अडकंल." हे ऐकणारे दहा-बारा साक्षीदार होते. रागात माणूस काय वाटेल ते बोलतो, पण नंतर कोणी मेले की तेच बोलणे पुरावा होऊन उभे राहते.

गोठ्याची झडती घेतली. आढ्याला अडकवलेल्या कथलाच्या डब्यात मोरचूद सापडले. जनावरांच्या खुरांना जखमा झाल्या की गवळी मोरचूद लावतात, हे मला ठाऊक होते. ते पोटात गेले तर ओकाऱ्या होतात, हेही ठाऊक होते. पंचनामा केला, डबा सीलबंद केला, गवळ्याला अटक केली. प्रेताची तपासणी तालुक्याच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी केली आणि आतड्याचे नमुने बरणीत घालून मुंबईला रासायनिक तपासणीस पाठवले. तिथून उत्तर यायला तेव्हा कित्येक आठवडे लागत. तोपर्यंत खुनाच्या आरोपाखालचा माणूस माझ्या लॉकअपमध्ये आणि त्याची बायको ठाण्याच्या ओट्यावर, असा मामला होता. गावाने तिला पाणवठ्यावर येऊ देणे बंद केले होते. तिच्या म्हशींचे दूध कोणी घेईना. गुन्हा शाबीत झाला तर तिच्या नवऱ्याला फाशी होती आणि हे तिला कोणी समजावून सांगायची गरज नव्हती.

गवळ्याचा जबाब मी स्वतः घेतला. त्यांच्या जातीत अमावास्या पाळतात. त्या तिथीचे दूध विकायचे नाही, विरजायचे नाही आणि चुलीवर चढवायचे नाही. वाटून टाकायचे. मोठा वाटा तालमीला, दोन शेर शाळेच्या हेडमास्तरांच्या घरी, कारण तिथे लहान मूल होते.

"चुलीवर का नाही चढवायचे?"

"आगीला दावलं की जित्राबावर येतं, साहेब. न्हाईतर मालकावर येतं. आज्ज्यापासनं हाय."

"आणि तालमीत?"

"त्ये तर तापवतच न्हाईत. त्यांना धारोष्णच लागतं."

यावर वस्तादांचा जबाब अधिक ठसठशीत होता. "तापवलेलं दूध म्हंजी मेलेलं दूध. त्यात ऱ्हातंय काय? रंगच ऱ्हातो निस्ता. माजे वस्ताद कासंखाली त्वांड लावून प्यायचे, सत्तराव्या वर्सी जोर मारायचे." मग आवाज खाली आणून म्हणाले, "साहेब, दोन फटके लावा. आत्ता बोलंल."

फटक्यांखाली माणूस बोलतो, पण आपल्याला हवे तेच बोलतो. तेवढ्यावर कोर्टात खटला उभा राहत नाही. मी तो सल्ला घेतला नाही.

दुसरा प्रश्न मोरचुदाचा. मी हवालदाराकडून शेरभर दूध मागवले आणि दुसरे थोडे मोरचूद आणून चिमूटभर त्यात टाकले. दूध निळसर पडले आणि थोड्या वेळात फाटले. अकरा माणसे असले दूध लोटा तोंडाला लावून पितील आणि एकालाही वेगळे वाटणार नाही, हे पटेना. पण विष काही एकाच जातीचे नसते. वस्ताद म्हणाले, मोरचूद नसेल तर दुसरे काही असेल. ते बरोबरच होते.

पुढचा दुवा ठाण्यातल्या रोजच्या कटकटीतून मिळाला. लॉकअपवरचा शिपाई सकाळी कुरकुरत आला.

"साहेब, ह्या गवळ्यापायी माज्या पायाचे तुकडे पडले. घटका न्हाई झाली की बाहीर न्या म्हनतोय. भ्यालाय. पोट सुटलंय निस्तं."

भीतीने पोट सुटते हे खरे आहे. मी कितीतरी जणांचे पाहिले आहे. पण ते पहिल्या दिवशी, फार तर दुसऱ्या दिवशी. मग माणूस कोठडीला सरावतो. मी गवळ्याला बाहेर बसवले आणि हे केव्हापासून आहे ते विचारले.

"अवसंच्या दुसऱ्या दिसापासनं."

म्हणजे अटकेच्या आधीपासून. अंगाला हात लावला तर ताप होता.

"तूही ते दूध प्यायलास?"

"देवाचं दूध हाय. आदी आपन वंजळभर प्यायचं, मग दुसऱ्याला द्यायचं. रीत हाय."

"मग हे जबाबात का नाही सांगितलेस?"

"सांगून काय व्हनार? पैलवान गडी गेला आन् मी बसलोय जित्ता. लोक म्हंत्याल, सोंग करतोय."

लोक तसेच म्हणाले. डॉक्टरांनी त्याला तपासले आणि तालमीतल्या पोरांना झाले तेच याला झाले आहे, असे लिहून दिले. वस्ताद म्हणाले, संशय येऊ नये म्हणून घोटभर स्वतः घेतले असेल. मी हसलो नाही, कारण त्यांच्या बोलण्याला एक भक्कम आधार होता. तोच दुवा मला अडवत होता. हेडमास्तरांच्या घरी त्याच दुधातले दोन शेर गेले होते. घरात पाच माणसे. सगळी ठणठणीत. आणि हेडमास्तरांच्या पत्नीचा जबाब असा होता, "दूध आले तसेच घेतले. तापवले नाही." म्हणजे त्याच म्हशींचे, त्याच दिवसाचे, तसेच कच्चे दूध एका घरी बाधले नाही आणि तालमीत बाधले. मग दोष दुधात नव्हता, फक्त तालमीच्या हंड्यात होता. हंडा नेणारा माणूस एकच होता. सरकारी वकिलाला याहून अधिक काही लागले नसते.

मी पुन्हा त्या घरी गेलो. मूळ घराणे वाईचे, घर स्वच्छ. बाई बुद्धिमान होत्या, पण माझ्याकडे न बघता बोलत होत्या. मी तेच प्रश्न विचारले, त्यांनी तीच उत्तरे दिली. शब्दही तेच. खरे सांगणारा माणूस दुसऱ्या वेळी थोडे वेगळे सांगतो. काही विसरतो, काही नव्याने आठवतो. पाठ केलेले मात्र जसेच्या तसे येते.

त्यांच्या सासूबाई ओसरीवर वाती वळत बसल्या होत्या. मी उगाच बोलायचे म्हणून म्हटले, "आजी, गवळ्याचे दूध कसे असते? पाणी घालतो का?"

"छे हो, पाणी कसलं घालतोय. अवसेच्या दुधावर तर भाकरीएवढी जाड साय धरली होती. मी मोठ्या नातवाला साखर घालून दिली."

स्वयंपाकघरात भांडे ठेवल्याचा आवाज झाला. कच्च्या दुधावरही पातळसा थर येतो, पण भाकरीसारखी साय दूध तापवून निवल्याशिवाय धरत नाही. हे मला सांगायला डॉक्टर लागत नव्हता. त्या घरातल्या कोणालाही लागत नव्हता.

बाई दारात येऊन उभ्या राहिल्या. "दर अवसेला तापवते," त्या म्हणाल्या. "दर अवसेला गवळीण सांगते, वयनी, तापवू नका हं. आणि मी नाही म्हणते. घरात तान्हं मूल. कच्चं दूध कसं देऊ?"

"मग मला खोटे का सांगितले?"

"काय सांगू? आमच्या दुधाने आग पाहिली म्हणून तिच्या नवऱ्यावर आलं, असंच तिला वाटणार ना? आणि आलंच की हो."

त्या घाबरल्या होत्या, पण गवळणीच्या मनात आपल्यामुळे हे झाले असे यावे, याचे त्यांना जास्त भय होते. म्हणून त्या खोटे बोलल्या, आणि त्याच खोट्यामुळे तो माणूस फाशीच्या वाटेवर होता. मी त्यांना हे स्पष्ट सांगितले. त्या खाली बसल्या. मग त्यांनी नवा जबाब दिला, वाचून पाहिला, आणि सही केली.

यानंतर डॉक्टरांना सगळे नीट जुळवता आले. अमावास्या आदल्या संध्याकाळीच लागली होती. म्हणून गवळ्याने संध्याकाळचेही दूध विकले नाही, तापवले नाही, विरजले नाही. घागरीला ओले फडके गुंडाळून रात्रभर ठेवले आणि सकाळच्या धारांत मिसळले. चैत्रातल्या उकाड्याची ती रात्र. एक म्हैस चार दिवसांपासून ढाळत होती, पातळ शेण टाकत होती, आणि तिचेही दूध त्यात होते. पैलवान ज्याला धारोष्ण समजून प्यायले ते अर्धे शिळे होते.

डॉक्टरांनी हे वस्तादांसमोर सांगितले. ते मीच घडवून आणले, कारण गावाला माझ्यापेक्षा वस्तादांचे ऐकायची सवय होती.

"तापवलं की ताकद जाती का न्हाई, तेवढं सांगा," वस्ताद म्हणाले.

"थोडं काहीतरी जातं, खोटं कशाला सांगू," डॉक्टर म्हणाले. "पण ज्यावर अंग भरतं ते सगळं राहतं. लष्कराच्या डेअरीत तर उकळतही नाहीत. ठरावीक मापाने तापवतात, तसंच काही वेळ धरतात आणि लगेच गार करतात. पाश्चराइज्ड म्हणतात त्याला. चवही फारशी बदलत नाही. तुमच्या गावचे जवान वर्षानुवर्षं तेच पितात. त्यांची अंगं पडली का?"

"कुस्ती कुठं खेळत्यात ते."

"लढाई खेळतात."

वस्ताद उठून गेले. पटले म्हणून नव्हे. कच्चे दूध पिणारा प्रत्येक जण आजारी पडत नाही, हेच त्यांच्या बाजूचे खरे बळ होते. त्यांचे वस्ताद सत्तराव्या वर्षीही जोर मारत होते ना. शंभर वेळा काही झाले नाही की माणूस त्यालाच नियम समजतो.

मुंबईचा अहवाल आला. कोणतेही विष आढळले नाही. मी कलम १६९ खाली, म्हणजे पुरावा नाही म्हणून, गवळ्याला सोडण्याचा रिपोर्ट केला आणि मॅजिस्ट्रेटने तो मंजूर केला. त्याला न्यायला बायको आली, तेव्हा हेडमास्तरांच्या घरचा प्रकार मीच तिला सांगितला. दुसऱ्या कोणाकडून तिखटमीठ लावून कळण्यापेक्षा ते बरे.

"किती दिसापासनं तापवत्यात वयनी?"

"पहिल्यापासून."

तिने थोडा विचार केला. "मग देव कोपायचा तर कवाच कोपला असता," ती म्हणाली आणि नवऱ्याला घरून आणलेल्या वहाणा काढून दिल्या.

मला वाटले प्रकरण मिटले. कागद बांधून ठेवत होतो तर मेलेल्या पैलवानाचा बाप आला. फौजेतून पेन्शनीत आलेला, ताठ चालीचा माणूस. तो उभाच राहिला.

"साहेब, मग माजा पोरगा मारला कुनी?"

मी म्हटले, कोणी मारला नाही. दुधातून रोग गेला.

"कुनाचं तरी नाव असंल."

"कोणाचेच नाही."

तो म्हणाला, "त्याची आई म्हनायची, तुज्या वाट्याचं घरी आन, हळद घालून तापवून देती. मीच तिला गप केलं. म्हनलं, त्याला काय बाळंतीन करतीस का." त्याने माझ्या टेबलावरच्या कागदांकडे पाहिले. "तेवढं लिव्हलंय का ह्यात?"

ते लिहिलेले नव्हते. तसे मी त्याला सांगितले. त्याने मान हलवली, सलाम केला आणि गेला.

खून असला की पोलिसाचे काम एका परीने सोपे असते. शेवटी एक माणूस उभा करता येतो आणि बाकीचे घरी जातात. इथे गवळ्याने रीत पाळली, वस्तादांनी गुरूचे ऐकले, बापाने पोराचे बळ जपले, आणि एका बाईने शेजार राखायला खोटे सांगितले. कोणाच्या मनात वाईट नव्हते. असल्या प्रकरणात अधिकाऱ्याला कोणावर बोट ठेवता येत नाही, आणि ज्याचे माणूस गेले त्याला तर नाहीच नाही. पुढच्या महिन्यात माझी बदली वडूजला झाली. तिथे गेल्यावर कोणी सांगितले, तालमीत आता चूल मांडली आहे. ती कोणी मांडली असे मी विचारले. त्या पैलवानाच्या आईने, असे उत्तर आले. रोज पहाटे ती स्वतः येऊन अकरा नव्हे, आता दहा पोरांचे दूध तापवते आणि वस्ताद काही बोलत नाहीत.