पश्चिमेची खिडकी

महापालिकेचा भूखंड अखेर आमच्या वस्तीच्या संस्थेला मिळाला, आणि काल आम्ही फक्कीच्या पांढऱ्या रेघांनी जमिनीवर आपापली घरं आखली. समोरच्या इमारतीचे चेअरमन गॅलरीतून बघत होते. ‘या लोकांच्या सुकटीचा वास नको,’ म्हणून ही जागा आम्हाला मिळू नये यासाठी याच गृहस्थांनी जंग जंग पछाडलं होतं.

शेवंतामावशींनी स्वयंपाकघराची खिडकी पश्चिमेला, बरोब्बर त्या गॅलरीसमोर आखली.

“मावशी, पूर्वेला ठेवा, वारा आत येईल,” आर्किटेक्टताई म्हणाली.

“आत यायला कशाला हवा, बाई? बाहेर जायला हवाय!”

मी तर टाळीच वाजवली. सूड म्हटलं की मला लहानपणापासून तलवारी, मशाली दिसायच्या. हक्काच्या भिंतीत आपल्या मर्जीनं पाडलेल्या खिडकीतून रोज सकाळी सुडाला फोडणी देता येते, हे कुणी सांगितलंच नव्हतं! मी लगबगीनं पायानं माझी रेघ पुसली आणि माझीही खिडकी तिकडेच वळवली.

चेअरमननी धाडकन गॅलरीचं दार लावलं.

“लावू दे की,” मावशी म्हणाल्या, “आपल्याला आता कुठं जायचंय?”