हिरव्या झाकणांची जीवोन

कुणी ‘जीवोन’ अशी हाक मारली, तर थोरली जीवोन कधीच लगेच मागे वळून पाहत नसे. हातातलं काम तसंच चालू ठेवायची आणि दुसरं कुणी ‘ओ’ देतंय का, याचा अंदाज घेत क्षणभर थांबायची. मी पीएचडीसाठी अमेरिकेत ॲन आर्बरला नुकतीच आले होते. मला आधी वाटलं, बाई शिष्ट आहेत. मग वाटलं, कमी ऐकू येत असेल. दोन आठवड्यांनी न राहवून विचारलंच, तर म्हणाली, “या मजल्यावर आम्ही तिघं आहोत. हाक माझ्यासाठी असेल, तर माणूस पुन्हा मारतो.” आमचं बोलणं अर्थात इंग्रजीत चालायचं. इथे मी ते माझ्या भाषेत लिहिते आहे.

जीवोन हे नाव कोरियात मुलीचंही ठेवतात आणि मुलाचंही, आणि तिच्या पिढीत ते घरोघरी ठेवलं गेलं होतं. आमच्या मजल्यावर ही थोरली, माशांवर संशोधन करणारी धाकटी जीवोन आणि कोपऱ्यातल्या खोलीत कॉम्प्युटरसमोर बसणारा सहा फुटी उंच जीवोन, अशी तीन माणसं होती. तिघांचं आडनावही किमच. मला याचं नवल वाटायचं काही कारण नव्हतं. माझं नाव किरण. शाळेत आमच्या वर्गात तीन किरण होते, त्यांतले दोन मुलगे, आणि मुलांच्या कबड्डी संघाच्या यादीत माझं नाव दोन वेळा लागून गेलं होतं. आईला फोनवर हे जीवोनपुराण सांगितलं, तेव्हा ती शांतपणे म्हणाली, “त्यात काय? आमच्या वर्गात पाच मंगला होत्या. बाईंनी नंबर दिले होते. मी मंगला तीन.”

थोरली वयाने मोठी होतीच, पण तिचं थोरलेपण खरं म्हणजे तिच्या ईमेलमध्ये होतं. विद्यापीठात ती सर्वांत आधी आली, म्हणून नुसत्या नावाचा पत्ता तिला मिळाला. नंतरच्यांच्या नावापुढे आकडे लागले. लोक ते आकडे विसरत, आणि चुकलेलं सगळं टपाल थोरलीच्या दारात येऊन पडे. कुणाच्या दाताच्या डॉक्टरची आठवण, कुणाच्या घरमालकाची तक्रार, उंच जीवोनला एका मुलीने पाठवलेली लांबलचक कविता. रोज दुपारी चार वाजता ती खुर्ची सरळ करून बसायची आणि एकेक पत्र योग्य जीवोनकडे पाठवायची. तिचा नियम असा, की पत्र कुणाचं आहे हे कळेपर्यंतच वाचायचं. बहुतेक वेळा पहिली ओळ पुरे व्हायची. “मग त्या कवितेचं काय झालं?” असं मी, उंच जीवोनबद्दल जरा जास्तच कुतूहल असल्यामुळे, विचारलं, तर म्हणाली, “मला फक्त पहिली ओळ माहीत आहे. बरी होती.”

फ्रीझरमधला गोंधळही तिनेच निस्तरला होता. आमच्या सगळ्यांच्या नमुन्यांच्या नळ्या एकाच मोठ्या फ्रीझरमध्ये असत, आणि झाकणावर नुसती आद्याक्षरं लिहिली, तर तीन माणसांची आद्याक्षरं एकच. मी यायच्या आधी कधीतरी धाकटीचे दोन महिन्यांचे नमुने उंच जीवोनने साफसफाईत फेकून दिले होते. तेव्हा थोरलीने दुकानातून नेलपॉलिशच्या तीन बाटल्या आणल्या. धाकटीला लाल, उंचाला निळं, स्वतःला हिरवं. झाकणावर एकेक ठिपका. स्वतःच्या नखांना तिने आयुष्यात कधी नेलपॉलिश लावलं नसेल, पण तिच्या नळ्या, डबे, छत्रीची मूठ, सगळ्यावर तो हिरवा ठिपका असे. तिच्या लेखी ही कटकटीची किंवा कौतुकाची गोष्ट नव्हती. “मी पहिली आले, म्हणून हे माझ्याकडे,” एवढंच ती म्हणायची.

मी तिला काय म्हणायचं, हा प्रश्न धाकटीने सोडवला. एकदा मी खुशाल ‘जीवोन, जीवोन’ करत असताना धाकटीने मला बाजूला घेतलं. म्हणाली, “तू इंडियन आहेस म्हणून कोणी काही बोलत नाही. पण मोठ्या बहिणीला आम्ही नावाने हाक मारत नाही.” ती स्वतः थोरलीला ‘ऑन्नी’ म्हणायची. मी म्हटलं, आमच्याकडेही तेच आहे की, आणि त्या दिवसापासून मी तिला ताई म्हणू लागले. पहिल्यांदा म्हटलं तेव्हा तिने अर्थ विचारून घेतला, शब्द दोन-चार वेळा तोंडात घोळवला आणि मान डोलावली. “या बिल्डिंगमध्ये दुसरी ताई नाही ना?” नाही म्हटल्यावर मला पहिल्यांदा तिचे सगळे दात दिसले. ताई म्हटलं की ती पहिल्या हाकेला वळायची.

भेटल्यावर ती ‘कशी आहेस’ विचारत नसे. ‘जेवलीस का’ विचारायची. ‘हो’ म्हटलं तरी तिचा विश्वास बसत नसे. ॲन आर्बरच्या पहिल्या हिवाळ्यात बस चुकून मी बर्फात अर्धा तास उभी राहिले आणि लॅबमध्ये येऊन रडले. तेव्हा तिने माझी समजूत वगैरे काढली नाही. हिरव्या ठिपक्याचा डबा उघडून पुढे ठेवला आणि आपल्या कामाला गेली. मी डबा संपवला आणि मग मला रडायचं कारण नीट आठवेना.

माझ्या तिसऱ्या वर्षी तिच्यापुढे मोठा प्रश्न उभा राहिला. ती पोस्टडॉक होती, म्हणजे पीएचडी झाल्यावर प्राध्यापकांच्या हाताखाली करारावर संशोधन करणारी. तो करार ऑगस्टमध्ये संपणार होता आणि त्याबरोबर व्हिसाही. या देशात नऊ वर्षं काढून तिने सहा कॉलेजांत प्राध्यापकीसाठी अर्ज केले. पाच ठिकाणांहून नकार आले. उरलं ते शेजारच्या राज्यातलं एक लहानसं कॉलेज. तिथे मिळालं तर राहायचं, नाहीतर कोरियात देगूला आईकडे परत. त्याच जागेसाठी धाकटीनेही अर्ज केला होता. तिचा अर्ज थोरलीनेच दोन वेळा तपासून दिला होता. मी चिडून म्हटलं, “ताई, सीरियसली? स्वतःच्या स्पर्धकाचा अर्ज?” तर म्हणाली, “तिच्या अर्जात खूप चुका होत्या.”

थोरलीच्या मुलाखतीच्या दिवशी मी एक उद्योग केला. माझा स्वभाव उतावळा. कुणाचं भलं करायचं मनात आलं की विचारायला थांबत नाही. थोरलीच्या वाढदिवसाला धाकटीने समुद्री शेवाळाचं सूप केलेलं मी पाहिलं होतं. कोरियात वाढदिवसाला ते करतातच. मी गृहीत धरलं, शुभ दिवशी हे खातात. आपण नाही का परीक्षेला जाताना हातावर दही-साखर ठेवत? मग तिला तिच्याच घरचं काहीतरी द्यावं. कोरियन किराणा दुकानातून शेवाळ आणलं, सकाळी सहाला उठून सूप केलं आणि ती निघायच्या आधी थर्मासमध्ये भरून नेलं. तिने झाकण उघडून आत पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. मग बसून सगळं सूप प्यायली. शेवाळाचा तुकडासुद्धा ठेवला नाही. “छान झालंय,” म्हणाली, आणि बॅग घेऊन निघाली.

धाकटीला मी हे मोठ्या अभिमानाने सांगितलं, तर तिने कपाळाला हात लावला. “किरण, परीक्षेच्या दिवशी ते कुणी घरातसुद्धा शिजवत नाही. शेवाळ बुळबुळीत असतं. खाल्लं की माणूस घसरतो, असं मानतात.” मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं. थोरली परत आल्यावर मी तिची माफी मागितली आणि आमच्याकडे अशा दिवशी उजव्या तळहातावर दही-साखर देतात, त्यावरून हे सुचलं, असंही सांगितलं. ती म्हणाली, “मी शास्त्रज्ञ आहे. सुपाने कोणी घसरत नाही.” मग बॅग खाली ठेवत म्हणाली, “पण पुढच्या वेळी नको.”

मार्चमधली दुपार होती. चारचा ठोका होऊन गेलेला. थोरली माझ्या टेबलापाशी आली आणि म्हणाली, “किरण, ऑफर आली.” आवाज नेहमीसारखाच, फक्त हातातला पेन उलटा धरलेला. मी किंचाळले असेन. ती तशीच कॉरिडॉरमध्ये गेली आणि आईला फोन लावला. देगूला तेव्हा पहाटेचे पाच वाजले होते. काचेतून मला ती दिसत होती. बोलता बोलता तिने दोनदा डोळे पुसले. नऊ वर्षांत कुणीही तिला रडताना पाहिलं नसेल.

परत येऊन ती ते पत्र पुरतं वाचायला बसली. मी चहा करायला गेले होते. दोन कप घेऊन आले, तर ती स्क्रीनकडे बघत नुसती बसली होती. पहिल्या ओळीत ‘प्रिय जीवोन, आमच्या कॉलेजात रुजू होण्याचं निमंत्रण देताना आनंद होतो’ असं होतं. तिसऱ्या ओळीत माशांवरच्या सुंदर व्याख्यानाचा उल्लेख होता. थोरली यीस्टवर काम करायची. मासे धाकटीचे. पत्र लिहिणारा पत्त्यातला आकडा विसरला होता, इतकंच.

काहीतरी बोलायचं म्हणून मी म्हटलं, “ताई, एकदा त्यांना विचारून तरी बघ. त्यांचाच काहीतरी घोटाळा झाला असेल. निदान उद्यापर्यंत थांब.” त्या वेळी मला धाकटीचा राग आला होता, हे मी कबूल करते. बिचारीचा काही दोष नव्हता. थोरलीने पेन सरळ करून खिशात ठेवला. “माझा नियम पहिल्या ओळीचा आहे,” ती म्हणाली. “ती मी वाचली. पुढचं तिचं आहे.” पत्र नुसतं पुढे पाठवून ती मोकळी होऊ शकली असती. पण ती उठली, मजल्याच्या दुसऱ्या टोकाला धाकटीच्या लॅबमध्ये गेली आणि तिला समोर बसवून बातमी सांगितली. आधी ती ऑफर आपलीच वाटली होती, हे मात्र सांगितलं नाही. धाकटीला ते आजही ठाऊक नाही, आणि ती मराठी वाचत नाही म्हणून मी इथे लिहू धजते आहे. थोरलीला नकाराचं पत्र चार दिवसांनी आलं. तेही, पत्त्यात नको तो आकडा लागून, आधी उंच जीवोनकडे गेलं होतं.

आईला परत फोन करणं मात्र तिला जड गेलं. दोन दिवस तिने तो टाळला. तोवर तिकडे आईचं सगळ्या शेजारणींना सांगूनही झालं होतं. तिसऱ्या दिवशी फोन करून आली, तेव्हा मी विचारलं, “आई काय म्हणाल्या?” ती म्हणाली, “विचारलं, जेवलीस का?” तेवढं सांगून ती तोंड धुवायला गेली आणि बऱ्याच वेळाने आली. मी त्या दिवशी काही काम केलं नाही.

जुलैअखेर तिने आवराआवर सुरू केली. फ्रीझरमधल्या आपल्या नळ्या ज्यांना उपयोगी पडतील त्यांना दिल्या. रिकाम्या डब्यांवरचे हिरवे ठिपके कापसाने आणि ॲसिटोनने पुसून काढत ती एक अख्खी सकाळ बसली होती. मी म्हटलं, राहू दे ना, कुणाला अडचण आहे? म्हणाली, “हिरवा मोकळा हवा. पुढची जीवोन येईल, तिला लागेल.” हिरव्या बाटलीत तळाशी थोडंसं उरलं होतं. ती बाटली तिने लाल आणि निळ्याशेजारी खणात ठेवली.

आता मी इथेच अमेरिकेत, शॉमबर्गला एका कंपनीत नोकरी करते. ती देगूच्या विद्यापीठात शिकवते. ॲन आर्बरहून गेल्या गेल्या तिथे मुलाखत झाली आणि जागा मिळाली. यंदा तिच्या वर्गात चार जीवोन आहेत, असं परवाच कळवलं, आणि खाली नेहमीचा प्रश्न, जेवलीस का? मी स्वतःच्या घरात बसून, चाळिशीला टेकलेली बाई, खरोखर उठून जेवायला जाते. तिच्याइतकी सरळ मी होणार नाही, हे मला माहीत आहे. पण ऑफिसात दुसऱ्या एका किरणची चुकलेली मेल माझ्याकडे येते, तेव्हा डोळे पहिल्या ओळीवर थांबवायला तिनेच शिकवलं.

तिला विमानतळावर सोडायला मीच गेले होते. पाच दिवसांनी तिची ती देगूची मुलाखत होती. या खेपेला चूक करायची नाही, म्हणून मी आईला विचारून घरून छोट्या डबीत दही-साखर नेली होती. पण पार्किंग मिळेना, मग सामानाचं वजन जास्त भरलं, आणि या धांदलीत ती तपासणीच्या रांगेत शिरल्यावर माझ्या लक्षात आलं की डबी पर्समध्येच राहिली. रांगेत बहुतेक सोलच्या विमानाचे कोरियन प्रवासीच होते. ती वीसेक माणसं पुढे गेली होती. घाबरून माझ्या तोंडून नावच निघालं. “जीवोन!”

रांगेतून एक म्हातारे गृहस्थ वळले. एक शाळकरी मुलगी वळली. निळ्या कोटातली एक बाई वळली आणि माझ्याकडे बघत राहिली. थोरली वळली नाही. खांद्यावरची बॅग सारखी करत, हाक दुसऱ्या कुणाची आहे का याचा अंदाज घेत, ती पाठमोरी उभी होती. ती चुकीची ऑफर आल्यापासूनच्या चार महिन्यांत या देशात कुणीच तिला दुसरी हाक मारली नव्हती, हे मला तिथे उभ्या उभ्या कळलं.

मी पुन्हा हाक मारली. “ताई!”

त्या अख्ख्या रांगेत एकच बाई वळली. माणसांची माफी मागत मागत रांगेच्या कडेच्या दोरीपर्यंत परत आली आणि डबी पाहून, काही न विचारता, तिने उजवा तळहात पुढे केला.