रिकामी चाललेली गिरणी

आमच्या घरात अर्थशास्त्र शिकलेला मी एकटाच, आणि भाजीत मीठ किती, याबद्दलसुद्धा माझं मत कोणी घेत नाही. तसं कारणही आहे.

बाबा बालाघाटला धानाच्या गिरणीत इंजिन-मिस्त्री होते. त्या वर्षी धान महागलं आणि बँकांना वरून हुकूम आला: धान तारण ठेवून कर्ज देऊ नका, व्यापारी साठे करतात. तांदूळ जिल्ह्याबाहेर न्यायलाही बंदी. मी तेव्हा कॉलेजात. कर्ज आखडलं की साठे बाहेर येतात, भाव उतरतात, असं जेवताना बाबांना समजावलं. भाव उतरलेही. पण कर्ज बंद झाल्यावर गिरणीचे मालक सेठजी यांच्यापाशी धान घ्यायला पैसा उरला नाही. सरकारी खरेदी केंद्रावर बारदाना, म्हणजे रिकामी पोती, नव्हता, म्हणून तिथेही खरेदी बंद. गिरणी बंद पडली. हंगामभर वाट पाहू, नाहीतर तुम्ही दुसरीकडे बघा, असं सेठजींनी बाबांना सांगितलं.

बाबा तरी रोज जात, तेलपाणी करत. इंजिन जाम होऊ नये म्हणून एका सकाळी त्यांनी गिरणी रिकामीच चालवली. आमच्याकडे गिरणी सुरू झाल्याची दवंडी पिटावी लागत नाही. आवाज ऐकला की लोक बैल जुंपतात. दुपारपर्यंत किरनापूरच्या रस्त्यावर धानाच्या गाड्या लागल्या.

खरेदी नाही, असं बाबांनी सांगितल्यावर पहिल्या गाडीवरच्या म्हाताऱ्याने विचारलं, "धान घ्याचं नाही, त मंग चालवून काहून राह्यला, मिस्त्री?"

बाबा हात पुसत राहिले. "इंजिनासाठी," म्हणाले.

मी तिथेच होतो, मला राहवलं नाही. मी पुढे होऊन चलन, पतपुरवठा, मागणी, सगळं सांगितलं. म्हाताऱ्याने शांतपणे ऐकून घेतलं.

"हौ. आन् गिरणी?"

मग गाड्या एकेक करून वळल्या. कोणी भांडलं नाही.

संध्याकाळी सेठजी आले. आवाज न चढवता म्हणाले, "पट्टा उतरवून टाका, मिस्त्री. लोकायले उगाच आस लागते."

बाबांनी इंजिनावरचा पट्टा उतरवला, गुंडाळला, किल्ली दिली.

पुढच्या आठवड्यात ते तिरोडीला मँगनीजच्या खाणीत लागले. गिरणीतून बाबा कोंड्याने पांढरे होऊन यायचे. आता सुट्टीला पाळीवरून थेट, काळे होऊन येत. आई तेवढंच पाणी तापवायची. पाणी काळं व्हायचं, ती ते अंगणात ओतायची आणि ताट वाढायची.