मिसेस लार्सनची रेकॉर्ड

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. आम्ही तेव्हा अमेरिकेत, ईडन प्रेरी नावाच्या गावात राहत होतो. अर्धांगाचा झटका येऊन माझ्या पत्नीची वाचा गेली, आणि माझी श्रद्धाही डळमळली. तिचा हात हळूहळू हलू लागला, पण सात आठवडे तोंडून शब्द फुटला नाही. आमचं बोलणं तिला कळायचं. उत्तर द्यायला जायची आणि डोळे भरून यायचे. रोज सकाळी मी देवापुढे उभा राहायचो खरा, पण मनात प्रार्थना नव्हती, भांडण होतं.

शेजारी मिसेस लार्सन नावाच्या सत्तरीतल्या विधवा बाई राहत. ओळख येता-जाता हात हलवण्यापुरती. एका शनिवारी दुपारी त्या रेकॉर्ड प्लेअर आणि एक जुनी रेकॉर्ड घेऊन आमच्या दारात उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "यात गाणं नाही, एक माणूस नुसता बोलतो. मूळ कविता फार जुनी, माझे वडील वाचून दाखवायचे. पुढे एका कंट्री गायकाने, म्हणजे इकडची ग्रामीण ढंगाची गाणी म्हणणाऱ्याने, ती आपल्या बोलण्यात बसवली. माझा नवरा गेल्यापासून मी लावली नव्हती. पण आज सकाळपासून वाटतंय, ही तुमच्याकडे न्यावी." मला ते विचित्रच वाटलं, पण नाही म्हणवेना. त्यांनी पत्नीसमोर प्लेअर मांडून रेकॉर्ड लावली.

मागे ऑर्गनचे मंद सूर, आणि एक जाडाभरडा, खेडवळ आवाज थांबत थांबत देवाशी बोलत होता. पत्नी निश्चल बसून ऐकत होती. तीनचार मिनिटांत संपलं. पिन नुसती खरखरत राहिली, आणि त्या खरखरीत मला ऐकू आलं, "अहो... पुन्हा."

"पुन्हा," ती परत म्हणाली, या वेळी स्पष्ट. मिसेस लार्सनना मराठीचा गंधही नव्हता. मी काही सांगणार, तोवर त्यांनी पिन अलगद उचलून सुरुवातीला नेऊन ठेवलीही होती.

पत्नीला बोलायला शिकवणारी थेरपिस्ट म्हणाली, असं कधीकधी होतं. होत असेल, मी वाद घातला नाही. वाचा पुरती कधीच आली नाही. अजूनही ती चमच्याला खिडकी म्हणते, आणि मग आम्ही दोघंही हसतो. पण काय द्यावं, कधी द्यावं, हे देवाला सांगणं मी त्या दुपारपासून सोडलं. तो ज्या भाषेत, ज्याच्या हातून देईल, ते घ्यायला ओंजळ तेवढी पुढे करतो.