हळदीच्या अर्कासाठी धायरी ते खडकी

रविवारी पुण्यात गाडी काढू नये, हे मला कळतं. तरी काढली. यवतमाळहून माझ्याकडे राहायला आलेल्या बाबांना हळदीच्या अर्काच्या कॅप्सूल हव्या होत्या. गुडघे सुजलेले आणि मोबाइलवर कुणाचा तरी मेसेज: अर्क सूज उतरवतो, भरपूर अँटिऑक्सिडंट असतात. आठवडाभर कंपनीत दुसऱ्यांच्या सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधणाऱ्या मुलीला सुट्टीत आणखी काय काम असणार!

धायरीहून निघालो. सिंहगड रोडवर गाडी चालत नाही, सरकते. कसब्यात जाणार असाल तर गाडी लांब लावा आणि चाला. सोबत सुजलेले गुडघे असतील तर जाऊच नका.

कसब्यातल्या काष्ठौषधींच्या दुकानात विचारलं, "हळदीचा अर्क आहे?"

"पाटी वाचलीत का? मुळ्या, साली, चूर्णं. कॅप्सूल मेडिकलमध्ये."

"हळद तरी?"

"आहे. तुमच्या स्वयंपाकघरातही असेल."

मेडिकलमध्ये बघू म्हटलं, तर बाबांचा हट्ट, खडकीला जायचंच. तिथे त्यांचे गाववाले वानखेडेकाका राहतात, दारूगोळा कारखान्यातून निवृत्त झालेले. काकूंनी छान पोहे दिले. काकांनी कॅप्सूलची डबी पुढे केली आणि म्हणाले, "आधीच्या डबीनं फरक पडला का?"

आधीची डबी? बाबा पोह्यांतले दाणे वेचायला लागले. हृदयासाठी ते रक्त पातळ ठेवणारी गोळी घेतात. अंगावर कुठे रक्त साकळलं तर कळवा, असं डॉक्टर म्हणाले होते. मी त्यांची बाही वर केली. दंडावर निळे डाग.

"दाराला लागलं असन," ते पुटपुटले.

तिथूनच डॉक्टरांना फोन केला. "भाजीतली हळद वेगळी, अर्क वेगळा," ते म्हणाले. "त्या गोळीबरोबर रक्तस्राव होऊ शकतो. अर्क बंद. गोळीचं मी सांगतो, आधी त्यांना लगेच घेऊन या."

तपासणीत रक्त फारच पातळ झालेलं निघालं. गोळीचा डोस बदलला, थोडक्यात निभावलं. परतताना गाडीत मी भडकलेच. रागावले की माझी बोली थेट यवतमाळला पोचते. "काऊन सांगतलं नाही मले?"

खिडकीबाहेर बघत ते म्हणाले, "गुडघे बरे झाले असते त घरी गेलो असतो. तुह्या सुट्ट्या माह्यापायी किती जाऊ देऊ?"

पुढचा सिग्नल सुटला. मागच्याने हॉर्न वाजवला, तेव्हा मला कळलं.

आता गुडघ्यांसाठी हाडांच्या डॉक्टरांची वेळ घेतली आहे. बाबा शेजारच्या खोलीत टीव्ही बघताहेत, नको तितक्या मोठ्या आवाजात. मी अजून चिडलेलीच आहे. कुणावर, ते मात्र आता नीट सांगता येत नाही.