घड्याळजी आणि लाल पाटी

उलिसेस मोरोन्ताला कुणी खुर्ची दिली की तो तिच्या पाठीवर हात ठेवून उभा राहायचा. बसायचा म्हणून नाही. त्याची बायको एनेदिना म्हणायची, "बस की रे बाबा! त्या खुर्चीला काय काटे आहेत?" तो म्हणायचा, "बसतो, बसतो," आणि खिडकीपर्यंत चक्कर मारून यायचा.

एकतीस वर्षं बानी गावच्या बाजारात, चपलांच्या दुकानाला लागून, त्याची घड्याळदुरुस्तीची टपरी होती. डोळ्याला भिंग लावून दिवसदिवस एका जागी बसणारा तो हाच, असं आज सांगितलं तर कुणाला खरं वाटणार नाही. मग हाताहातांत मोबाइल आले, मनगटं रिकामी झाली, टपरीला कुलूप लागलं. छप्पन्नाव्या वर्षी त्याने कंप्युटरदुरुस्तीचा सहा महिन्यांचा कोर्स केला. वर्गातली पोरं त्याला आजोबा म्हणायची, पण तो पास झाला आणि घरोघरी जाऊन कंप्युटर दुरुस्त करायला लागला. गल्ली मात्र त्याला घड्याळजीच म्हणत राहिली. ते नाव त्याला मुळीच आवडायचं नाही. मेलेल्या धंद्याच्या नावाने हाक मारलेली कुणाला आवडेल?

त्या आठवड्यात त्याच्या जिवाला घोर लावला तो दोन्या तोमासिनाच्या कंप्युटरने.

दोन्या तोमासिना, म्हणजे आपल्याकडच्या भाषेत तोमासिनाबाई, शहात्तर वर्षांची, एकटी राहणारी. मुलगी युदेल्का परदेशात, नेवार्कला नर्स. दोन वर्षांपूर्वीच्या नाताळात युदेल्का येऊन गेली, तेव्हा तिने याच कंप्युटरवरून आईच्या व्हिसाचा अर्ज भरला होता. त्यानंतर तिला मुलगी झाली. नात चौदा महिन्यांची झाली, चालायला लागली, पण आजीने तिला पाहिलं ते फक्त पडद्यावर. आता मुलाखतीसाठी आजीचा नंबर लागला होता. वकिलातीच्या पानावर जाऊन 'मी येणार' एवढं कळवायचं होतं, बुधवारी सकाळपासून गुरुवारी दुपारी बारापर्यंत. चुकलं तर पुन्हा रांगेच्या शेपटाला. आणि त्या खात्याचा पासवर्ड त्या कंप्युटरच्या पोटात जपलेला. युदेल्का तो केव्हाच विसरली होती आणि नवा मागवायचा तर आठवडा लागणार होता.

आणि नेमकी आधीच्या शुक्रवारी ती लाल पाटी आली. कुठलंही पान उघडा, पडदाभर तेच: 'तुमचं कनेक्शन खाजगी नाही. कुणीतरी तुमची माहिती चोरण्याचा प्रयत्न करत असेल.'

"मास्तर, कोण चोरतंय हो?" दोन्या तोमासिनाने दारातच विचारलं. "माझ्याकडे आहे काय चोरण्यासारखं? चार कोंबड्या आणि गुडघेदुखी!"

"कुणी चोरत नाहीये, दोन्या. कचरा साठलाय आत." उलिसेस उभ्यानेच कीबोर्डवर वाकला होता.

म्हातारीने कॉफी आणून ठेवली, जायफळ घातलेली. मग पडद्याकडे बोट केलं. "मास्तर, हे इथे खाली बघा जरा..."

"बोट लावू नका, दोन्या! तुम्ही नुसत्या बघत राहा."

म्हातारीने बोट मागे घेतलं. उलिसेसने ब्राउझरमधला जुनापुराणा साठा झाडून काढला, तासभर खटपट केली आणि पान उघडलं. पडद्यावर नात आली, तिने आजीला जीभ दाखवली. उलिसेस ताठ मानेने घरी गेला. कॉफी तशीच राहिली.

रविवारी ये रे माझ्या मागल्या. लाल पाटी हजर. त्याने पासवर्ड तेवढा जपून ठेवून ब्राउझर मुळासकट काढला आणि नवा घातला. तासाभराने पान उघडलं. सोमवारी सकाळी पुन्हा पाटी. या वेळी त्याने व्हायरस शोधणारा प्रोग्रॅम लावला, खोलीत शंभर फेऱ्या मारल्या, पुन्हा तासाभराने पान उघडलं. पण आता त्याला ताठ मानेने जाता येईना. कोपऱ्यावरचा दुकानदार चागो ओरडला, "काय घड्याळजी, म्हातारीकडे कायमचा मुक्काम हलवलास की काय? एनेदिनाला सांगून ठेवू का?" डोमिनो खेळणारी चौकडी खदाखदा हसली. उलिसेसच्या अंगाचा तिळपापड झाला आणि तो राग निघाला कुणावर? अर्थातच ज्याने काही केलं नव्हतं त्याच्यावर. तो परत फिरला आणि म्हातारीच्या दारात उभा राहून म्हणाला, "मी गेलो की तुम्हीच काहीतरी दाबता, दोन्या. उगाच नाही हे बिघडत."

म्हातारीने कंप्युटरवर भरतकाम केलेलं टेबलक्लॉथ पांघरलं आणि त्याला हात लावणंच सोडून दिलं. बुधवार उगवला तरी तिने तो चालू केला नाही. बुधवारी संध्याकाळी युदेल्काने फोनवर विचारलं, "आई, कळवलंस ना?" तेव्हा ती म्हणाली, "मी हात लावला तर बिघडतो म्हणे." पलीकडून युदेल्का जे बोलली ते इथे लिहिण्यासारखं नाही. ते उलिसेससाठी होतं.

गुरुवारी सकाळी आठला लाइट गेली. नऊला, युदेल्काचा निरोप मिळताच, उलिसेस म्हातारीच्या घरी पोचला आणि अंधारलेल्या खोलीत दारापासून खिडकीपर्यंत फेऱ्या मारायला लागला. म्हातारीने, बानीत सगळेच करतात तसं, घरातले सगळे प्लग उपटून ठेवले होते. लाइट परत येताना अशी उसळून येते की फ्रीज, पंखा, टीव्ही, जे सापडेल ते जाळून जाते.

"बसा, मास्तर. मला चक्कर येते तुमच्याकडे बघून."

"बसतो, बसतो."

दहा चाळीसला गल्लीभर एकच कल्ला झाला, "आली! लाइट आली!" म्हातारीने पाच मिनिटं थांबून एकेक प्लग लावला. कंप्युटर सुरू झाला. लाल पाटी.

उलिसेसने पुन्हा कचरा झाडला. पाटी. ब्राउझर काढला, घातला. पाटी. इंटरनेटचा डबा बंद करून चालू केला. पाटी. भिंतीवर चावीचं जुनं घड्याळ होतं, वीस वर्षांपूर्वी त्यानेच दुरुस्त केलेलं. त्यात सव्वाअकरा वाजले होते. त्याच्या तोंडचं पाणी पळालं. नात, मुलाखत, दोन वर्षांची रांग, सगळं त्याच्या दोन हातांत येऊन अडकलं होतं. म्हातारी मागे उभी राहून माळ जपत होती.

तो तिथून स्वयंपाकघरात गेला. उगाच. तिथे मायक्रोवेव्हवर चार शून्यं लुकलुकत होती. बानीत हे आकडे कुणी लावत नाही. लाइट दिवसातून तीनदा जाणार, तीनदा कोण लावत बसणार? विजेवर चालणारं घड्याळ दिसलं की इथल्या माणसाची नजर आपोआप त्याच्यावरून घसरते. उलिसेसचीही घसरायची. एकतीस वर्षं घड्याळात डोकं घातलेला माणूस, तोही इतरांसारखाच झाला होता. पण त्या दिवशी हातांना काहीतरी करायला हवं होतं. त्याने मनगटावर बघितलं, बटणं दाबली आणि मायक्रोवेव्हला बरोबर वेळ लावून दिली. अकरा सव्वीस. तेवढ्याने त्याला किंचित बरं वाटलं.

आणि तीच वेळ बघणारी नजर घेऊन तो परत आला.

पडद्याच्या खालच्या कोपऱ्यात बारीक अक्षरांत तारीख होती. एक जानेवारी दोन हजार दहा.

उलिसेस जागच्या जागी उभा राहिला. इंटरनेटवरच्या पानांकडे आपापली ओळख पटवणारे कागद असतात, अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत चालणारे. कंप्युटरच्या लेखी साल दोन हजार दहा, म्हणजे हे सगळे कागद अजून जन्मालाच आलेले नव्हते. तो त्यांना खोटे म्हणणार नाही तर काय? आत एक नाण्याएवढी बॅटरी असते, प्लग काढला तरी ती वेळ सांभाळते. ती मेली होती. म्हातारी प्लग उपटायची, कंप्युटर साल विसरायचा. लावल्यावर तासाभराने तो आपणहून इंटरनेटला वेळ विचारून घ्यायचा आणि ठीक व्हायचा, आणि ते श्रेय घ्यायला उलिसेस मोरोन्ता समोर उभाच असायचा. काखेत कळसा आणि गावाला वळसा!

त्याने तारीख लावली, वेळ लावली. पान उघडलं. अकरा बत्तीस.

"दोन्या, या! चष्मा घ्या! लवकर!"

"गळ्यातच आहे. ओरडू नका. कुठे दाबू? मी दाबू का पण?"

"तुम्हीच दाबा."

तिने मोठ्या काळजीने, एका बोटाने दाबलं. 'आपली मुलाखत निश्चित झाली आहे.' म्हातारीने ते तीनदा मोठ्याने वाचलं आणि मग पडद्याचाच मुका घेतला.

उलिसेस तडक कोपऱ्यावर गेला. "चागो, नाण्यासारखी बॅटरी दे एक. मोटारीच्या चावीत घालतात ती."

"कशाला रे?"

"घड्याळाला."

"म्हणजे जुना धंदा पुन्हा सुरू, घड्याळजी?"

"सुरू," उलिसेस म्हणाला, आणि या वेळी चिडला नाही.

त्याने कंप्युटरचं झाकण उघडून बॅटरी बदलली, तारीख पुन्हा एकदा लावली. प्लग काढला, दहा मिनिटं थांबून पुन्हा लावला. तारीख बरोबर, पाटी गायब. तेव्हा कुठे त्याच्या जिवात जीव आला. त्याने खुर्ची ओढली आणि चक्क बसला. म्हातारीने कॉफी आणली, त्याने घोट घेतला. चांगली होती.

"दोन्या," तो कपात बघत म्हणाला, "तुम्ही काही दाबलं नव्हतं. तुमची काही चूक नव्हती."

"ते मला माहीत होतं."

"नुसतं साल चुकलं होतं. खाली कोपऱ्यात."

"हो, दोन हजार दहा." म्हातारी टेबलक्लॉथची घडी घालत होती. "शुक्रवारी तेच तर दाखवत होते तुम्हाला. तुम्ही म्हणालात, बोट लावू नका. मला वाटलं, घड्याळाचं तुमच्याइतकं कुणाला कळतं? बघितलं असेल तुम्ही." मग तिने घडी बाजूला ठेवली. "तीन दिवस बाळाचं तोंड बघितलं नाही हो मी. भीती वाटायची, माझ्या हाताने बिघडेल म्हणून."

उठून खिडकीशी जावं असं उलिसेसला वाटलं. पण त्या दिवशी त्याला खुर्चीतून उठवेना.